स्वतःचं काही करायचंय, पण…: सांगलीतल्या रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा छापखाना सांगलीत गावभागात आहे. छापखाना म्हणायचं ते सवयीनं. अक्षरांचे शिशाचे खिळे कधीच मोडीत गेले, आता सगळं डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी. आठवडाभर लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल आणि मधूनच कुणाचा तरी कवितासंग्रह. रविवारी मशिन बंद असतं, तेव्हा वर पोटमाळ्यावर लिहिणारी, चित्रं काढणारी, गाणारी, नाटकवाली मंडळी जमतात. संस्था नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही (अध्यक्ष नाही म्हणूनच टिकलंय, असं माझं मत). नवीन माणूस आला की पहिल्या तासात तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देणारा मी, म्हणजे प्रुफं तपासणारा माणूस. मी कोणी साहित्यिक नव्हे, ते ध्यानात ठेवून वाचा.

माझ्यात मुळात काही आहे का, हे कसं कळायचं?

बसून विचार करून नाही कळत. दहा-वीस गोष्टी करून टाका, मग बोलू.

तोवर एवढंच बघा, की दुसरे ज्याच्यावरून सरळ पुढं जातात असं तुम्हाला काय अडवतं. मार्केट यार्डात हिशेबाला असणारा एक पोरगा आमच्याकडं यायचा. प्रेमकविता लिहायचा, सगळ्या चंद्राच्या. एकदा बोलता बोलता म्हणाला, हळदीच्या सौद्याच्या दिवसांत हमालांच्या पापण्या पिवळ्या होतात, आणि घरी गेल्यावर लेकरं त्या पापण्यांना हात लावून बघतात. चंद्र राहू दे बाबा, हे लिही, असं सगळे एकदम ओरडले. त्याला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं, रोजचं म्हणून. बहुतेकांचं असंच असतं.

मला जे सुचतं ते आधी कुणीतरी केलेलंच असतं. मग माझं काय राहिलं?

या प्रश्नावर सांगलीच्या माणसानं तरी घाबरू नये. १८४२ च्या सुमाराला कर्नाटकातून भागवत मंडळी इथं खेळ करायला आली. सांगलीचे राजे श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते खेळ पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत करा, पण यातला ओबडधोबडपणा काढून. भाव्यांनी रामायणातला प्रसंग घेतला आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. आज तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात आणि आपण गावाला नाट्यपंढरी म्हणतो.

आता हिशेब मांडा. कथा वाल्मीकींची, नमुना कानडी मुलखातला, कल्पना राजाची. भाव्यांचं काय? पदं त्यांची, मांडणी त्यांची, आणि सूत्रधारानं पदं म्हणायची, पात्रांनी आयत्या वेळी बोलायचं, राक्षसांनी आरडाओरडा करत यायचं, हा सगळा खटाटोप निभावून नेणं त्यांचं. तेवढं पुरलं.

दुसरं उदाहरण हरिपूरचं. गोविंद बल्लाळ देवल तिथले, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या गावचे. त्यांच्या नावावर सात नाटकं आहेत. त्यांतली सहा रूपांतरं, कुठं संस्कृतावरून, कुठं शेक्सपिअरवरून. स्वतंत्र एकच, १८९९ चं ‘शारदा’. म्हाताऱ्या माणसाला पोरवयाची बायको देण्याचा बाजार त्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता, तो त्यांनी मांडला. सहा वेळा दुसऱ्याचं घर बांधून हात बसल्यावर सातवं इतकं पक्कं झालं, असं मला वाटतं. पहिल्याच दिवशी ‘शारदा’च लिहीन म्हणून हटून बसणारे पुष्कळ बघितलेत. ते अजून बसलेलेच आहेत.

पण नक्कल करत राहिलं तर आपला आवाज हरवेल ना?

हे विचारायला योग्य गाव मिरज. सतारमेकर गल्लीत कुणाच्या तरी ओळखीनं जा आणि तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेची आस खुलवताना बघा. घोडीवरून तार जाते तिथला पृष्ठभाग कानशीनं अगदी जराजरासा घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायचं. मग तारेखाली दोरा सरकवून आवाज नेमका खुलतो ती जागा हुडकायची. तंबोऱ्याचा भोपळा त्याच जातीचा, लाकूड त्याच जातीचं, माप पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तरी कारागीर विचारणार, तंबोरा कुणासाठी? बाईमाणसाच्या पट्टीचा की पुरुषाच्या? जवारी खुली हवी की बंद? आवाज वेगळा होतो तो या शेवटच्या घासण्यात, आणि तिथवर पोचायला आधीचं सगळं वडिलांनी शिकवलं तसंच्या तसं करावं लागतं.

या धंद्याची सुरुवात ज्या घराण्यानं केली ते मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा वाद्यं दुरुस्त करता करता ते वाद्यं बनवायला लागले. म्हणजे आधी दुसऱ्यानं केलेली सतार उघडून आत काय आहे ते बघितलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

गाण्यातही तेच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले, कर्नाटक संगीतातलं जे रुचलं ते त्यांनी बिनदिक्कत घेतलं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडं शिकलेले गंगूबाई हनगळ आणि भीमसेन जोशी. एकाच गुरूची तालीम. रेडिओवर अर्धं मिनिट लागलं तरी कोण गातंय यात कुणाची गल्लत होते का? गुरूची नक्कल मन लावून केली की जिथं ती आपल्या गळ्याला जमत नाही तिथं आपलं गाणं सुरू होतं. न जमणं लपवू नका, त्याच्याकडं नीट बघा.

एक मात्र सांगतो. नक्कल एकाचीच करू नका, आणि करताय तोवर स्वतःचं नाव घालून छापू नका.

स्वतःशी प्रामाणिक राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सगळे म्हणतात, कुणी सांगत नाही.

मलाही मोठं तत्त्व सांगता येत नाही. प्रुफाच्या टेबलावर दिसतं ते सांगतो.

एक गृहस्थ वडिलांवरची कविता घेऊन आले. वडील एसटीत कंडक्टर होते, वर्षापूर्वी गेले. कवितेत काय, तर ‘आकाश कोसळले’, ‘दीप विझला’, ‘वटवृक्ष उन्मळला’. पहिलं प्रूफ काढलं, त्यांनी वाचलं, खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, बरोबर आहे सगळं, पण हे आमचे दादा नाहीत. मग चहा सांगितला. चहा पिता पिता सांगायला लागले, दादांच्या हातात तिकिटाचा पंच असायचा, त्यांना तो वाजवत राहायची सवय. घरात आले की दाराच्या चौकटीवर पंच टकटक करायचे, आणि ती टकटक ऐकली की आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. शेवटच्या आजारपणात हातात पंच नव्हता, तरी अंगठा आणि बोट हलत होतं.

मी म्हटलं, हे लिहून आणा, तोवर मशिनला लावत नाही. त्यांनी आणलं. वटवृक्ष गेला, आकाश गेलं. आठ ओळी राहिल्या. नातेवाइकांपैकी एक-दोघं म्हणाले, यात कवितेसारखं काही वाटत नाही. त्यांनी एक अक्षर बदललं नाही.

तर माझी कसोटी ही. आपलं लिहिलेलं घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, ही माझ्याकडं कुठून आली? बघून आली, ऐकून आली, की असं लिहायची पद्धत आहे म्हणून आली? तिसऱ्या जातीच्या ओळी एकदम सगळ्या काढू नका, हातात काहीच उरायचं नाही. पण त्या ओळखता आल्या पाहिजेत. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असतंच, त्याला कुणाची ना नाही. मात्र ती ओळ आपण लिहिली असं कुणी म्हणत नाही.

माझी भाषा गावठी आहे. पुण्याच्या भाषेत लिहू का?

कशासाठी?

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत, मुंबईला चालत गेले, मिळेल ते काम केलं, आणि वारणेच्या खोऱ्यातली माणसं त्यांच्या बोलण्यासकट पुस्तकात आणली. तिकडं माणदेशात आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे दोघं भाऊ, ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकर. एकानं गीतं लिहिली, दुसऱ्यानं कथा. दोघांच्याही लिहिण्याखाली माणदेशाची जमीन लागते. हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं.

पण इथं दुसरी बाजूही आहे, आणि आजकाल ती जास्त दिसते. घरात स्वच्छ प्रमाण मराठी बोलणारं पोरगं एकांकिका लिहिताना पात्राच्या तोंडी ‘लई भारी’, ‘व्हय की रं’, ‘आयला’ कोंबतं, कारण प्रेक्षक हसतात. ही काही भाषा नव्हे, हे सोंग झालं. जतचा माणूस आणि शिराळ्याचा माणूस एकसारखं बोलत नाही. जतकडं बोलण्यात कानडी डोकावतं, शिराळ्याला कोकणच्या घाटाची हवा लागते. ज्याच्यासाठी लिहिताय त्याच्या शेजारी चार दिवस बसून ऐका. आणि जी भाषा तुमच्या आईशी भांडताना तोंडात येते ती तुमची. ती प्रमाण असेल तर प्रमाणच लिहा, उगीच मातीत लोळू नका.

शुद्धलेखनाचं विचाराल, तर निवेदनात ते पाळा, बोलण्यात माणूस बोलतो तसं ठेवा. मी प्रूफ बघताना ‘न्हाई’चं ‘नाही’ विचारल्याशिवाय करत नाही.

फर्माईशीवर, पैसे घेऊन काम केलं तर ते अप्रामाणिक ठरतं का?

भाव्यांचं नाटक फर्माईशीवर झालं, वर सांगितलंच. ग. दि. माडगूळकरांनी ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी लिहिलं, आठवड्याला एक गीत या बोलीनं, एकूण ५६. तारीख ठरलेली, विषय ठरलेला, वाट बघणारा संगीतकार समोर. त्यामुळं काही कमी पडलं असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. उलट वेळेची मर्यादा आली की माणूस नाटकं करायची थांबतो आणि काम करायला लागतो.

फर्माईश कुठं नडते ते सांगतो. जे खरं नाही हे आपल्याला माहीत आहे ते खरं म्हणून लिहायला लागलं की हात जड होतो. निवडणुकीत कार्यसम्राटांची पत्रकं आम्हीही छापतो, पोटाचा प्रश्न आहे. लिहून देत नाही. ही रेघ प्रत्येकानं आपली आपण मारावी. माझी रेघ तुम्हाला सोवळ्याची वाटेल, कुणाला ढिली वाटेल.

नोकरी सोडून पूर्ण वेळ कलेला द्यावा का?

नको. निदान मला विचाराल तर नको.

भाव्यांचे आश्रयदाते १८५१ मध्ये वारले आणि दरबारचा आधार गेला. मग मंडळी घेऊन गावोगाव फिरायला लागलं, मुंबईला जाऊन तिकीट लावून खेळ करावे लागले. ते त्यांनी केलं, नाव झालं, पण ती तडजोड सोपी नव्हती. व्यंकटेश माडगूळकर पुण्याला आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत नोकरी करत होते, आणि लिहीत होते, चित्रंही काढत होते. पगार चालू असला की वाईट काम नाकारता येतं, हा नोकरीचा फार मोठा उपयोग आहे. तो कुणी बोलून दाखवत नाही.

द्राक्षबाग असलेल्यांना वेगळं सांगावं लागतं. छाटणीपासून माल जाईपर्यंत तुम्हाला डोकं वर काढायला होत नाही, तेव्हा लिहायचा आग्रह धरू नका. पाच ओळींची नोंद ठेवा, फोनमध्ये बोलून ठेवा. बागेला विश्रांती असते तेव्हा बसा.

घरचं सगळं करून वेळच उरत नाही. कसं करायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक ताई, वहिनी, काकू असतात. दादा लोक हा प्रश्न विचारत नाहीत, त्यांना वेळ कुणीतरी काढून दिलेला असतो. तेव्हा आधी हे मान्य करू, की यात तुमचा आळस नाही.

‘पहाटे चारला उठा’ असलं काही मी सांगणार नाही. जी बाई आधीच साडेपाचला उठते तिला हे सांगणाऱ्याला एक महिना तिच्या जागी ठेवावं. घरात बोला. आठवड्यातला एक वेळ ठरवून मागा आणि त्या वेळी भाजी कोण टाकणार हेही तेव्हाच ठरवा, नाहीतर तो वेळ तुमचा राहत नाही. संकोच वाटेल. पोराला क्लासला सोडायला वेळ निघतो, तो कुणी मागत बसत नाही. तो असतोच.

आणि तुकड्यांत लिहायची लाज बाळगू नका. आमच्याकडच्या एका काकू दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर लिहितात. पुढं दुधाचा हिशेब, तारखेच्या चौकोनात ‘अर्धा ली. जास्त’, आणि मागं सासूबाईंच्या गोष्टी. वर्षाअखेरीला रद्दीत जाण्याआधी त्या बारा पानं फाडून फायलीत लावतात. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांना तरी कुणी लिहायला वेगळी खोली दिली होती? दळता दळता रचल्या. याचा अर्थ दळत राहावं असा नाही, पण कामात असताना सुचतं ते खरं असतं आणि ते टिपायला पाहिजे.

सुचणंच बंद झालंय. काय करू?

दोन-तीन आठवडे असेल तर काही करू नका. हातातलं बाजूला ठेवल्यावर डोकं मागं त्याच्यावर काम करत राहतं, हे सर्जनशीलतेचा विचार करणाऱ्यांनी फार पूर्वी नोंदवलंय. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांत ‘मुरू देणं’ ही चक्क एक पायरी आहे. पण ती दुसरी पायरी. पहिली मेहनत करण्याची. न करता मुरवत बसलं तर काय मुरणार?

आयर्विन पुलावरून चालत सांगलीवाडीपर्यंत जा आणि या. फोन घरी ठेवा.

मात्र झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं लांबत चाललं असेल तर प्रश्न सुचण्याचा नाही. डॉक्टरांकडं जा. कलावंत असंच दुःखी असतो वगैरे कुणी सांगितलं तर त्याच्याकडं दुर्लक्ष करा.

रील टाकावी का? लाईक येत नाहीत म्हणून वाईट वाटतं.

टाका की. विष्णुदासांना तिकीट चालत होतं, तुम्हाला रील का चालू नये? फक्त करताना आणि टाकताना या दोन वेळा वेगळ्या ठेवा. सकाळी केलं, दुपारी टाकलं, रात्री आकडे बघितले, की दुसऱ्या दिवशी सकाळी हात आपोआप आकड्यांकडं वळतो. आठ दिवस जुनं झालेलं टाका. तोवर त्याची हौस फिटलेली असते आणि कुणी काही म्हटलं तरी फार लागत नाही.

एआयकडून लिहून घेतलं तर काय बिघडलं?

पतसंस्थेच्या अहवालाचं प्रास्ताविक असेल तर काही बिघडलं नाही. आमच्याकडं आता तशीच येतात, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरी असतात.

स्वतःच्या लिहिण्याचं म्हणाल, तर तो वटवृक्ष आठवा. आजवर लोकांनी जे पुष्कळदा लिहिलंय त्याच्या आधारानं ते यंत्र पुढचा शब्द काढतं, म्हणून वटवृक्ष, आकाश, दीप त्याच्याकडं तयार असतात. तिकिटाच्या पंचाची टकटक त्याला ठाऊक नाही, कारण ती तुम्ही अजून कुणालाच सांगितलेली नाही. माहिती काढायला, टंकलेखनातल्या चुका बघायला वापरा. पहिला खर्डा मात्र स्वतःच्या हातचा, मग तो कितीही वेडावाकडा असो. बैठकीत वाचताना यंत्राचं असेल तर आधी सांगायचं, हा आमचा नियम.

घरच्यांवर, गावातल्या माणसांवर लिहिलं तर भांडणं होतील.

होतील. देवलांनी ‘शारदा’ लिहिलं तेव्हा तसली लग्नं लावणारी माणसं समाजात मानानं वावरत होती. तरी लिहिलं. पण त्यांनी रोख पद्धतीवर ठेवला.

माझा ठोकताळा असा: लिहिल्याचा त्रास कुणाला होणार आहे ते आधी बघा. तो माणूस तुमच्यापेक्षा वरचा असेल तर लिहा. खालचा असेल, किंवा त्याला उत्तर द्यायला जागाच नसेल, तर नाव, गाव, धंदा बदला आणि जमलं तर त्याला वाचून दाखवा. बहिणीच्या मोडलेल्या संसारावर तिला न विचारता कथा छापणं हा काही धीटपणा नव्हे. नुसतं नाव बदलून भागत नाही, एवढंही सांगतो. आपल्याकडं ‘शेजारच्या पेठेतले एक निवृत्त गुरुजी, ज्यांच्याकडं लाल स्कूटर होती’ म्हटलं की अर्ध्या सांगलीला कळतं.

माझी कविता कुणीतरी स्वतःच्या नावानं फिरवतोय.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांत मांडलेल्या रूपावर असतो. तेव्हा ‘पावसावर मी आधी लिहिलं’ ही तक्रार चालत नाही. तारखेसकट स्वतःला ईमेल करून ठेवा, पुरावा म्हणून कामी येतो. आणि नोकरीचा भाग म्हणून केलेलं लिखाण किंवा डिझाइन, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. जाहिरातीच्या धंद्यातल्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मुलीला चित्रकलेची आवड आहे. स्पर्धांना घालू का?

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायला लावा, हात तयार होतो. गल्लोगल्लीच्या स्पर्धांचं जरा जपून. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९७३ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना ‘काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढं मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी बक्षीस कबूल केलेली मुलं चित्रांकडं कमी वळत होती. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे कौतुक करा, लालूच दाखवू नका. आणि हत्ती जांभळा काढला तर ‘हत्ती करडा असतो’ हे सांगायला शाळा आहेच.

पुरात माझ्या सगळ्या वह्या गेल्या. परत कसं सुरू करू?

२०१९ च्या ऑगस्टनंतर हा प्रश्न फार आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. माणसं, जनावरं, धान्य आधी हलवायचं, वह्या कोण उचलतो?

आठवतंय तेवढं ताबडतोब लिहून काढा, क्रमाची फिकीर नको. जे आठवत नाही त्याचं दुःख करा, पण ते पुन्हा जसंच्या तसं रचायचा हट्ट धरू नका. भिजलेली पानं ओली असताना सोडवू नका, फाटतात. सावलीत वाळवा. यापुढं महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून ईमेलवर टाका. वह्या माळ्यावर ठेवा. चित्रांच्या बाबतीत हे जास्तच.

बैठकीत लोक सूचना देतात. किती ऐकायचं?

‘इथं कंटाळा आला’, ‘हे कळलं नाही’, एवढं ऐका. ते खरं असतं. ‘इथं असं करा’ हे ऐकून सोडून द्या, कारण तो स्वतःची कथा लिहितोय, तुमची नव्हे. तिघांना एकाच जागी कंटाळा आला तर ती जागा नक्की बिघडलीय. उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधायचा.

पुस्तक छापू का?

छापखानेवाला म्हणून माझा फायदा ‘हो’ म्हणण्यात आहे, तरी सांगतो: घाई नको. पाचशे प्रती काढल्या की चाळीस वाटल्या जातात आणि उरलेल्या दिवाणात जातात, दर दिवाळीला साफसफाईत बाहेर निघतात. आता थोड्या प्रतीही छापून मिळतात. तेवढ्या काढा, ज्यांच्या मताची तुम्हाला किंमत आहे त्यांना द्या, वर्षभर थांबा. वर्षानंतर स्वतः उघडून वाचल्यावर लाज वाटली नाही तर या, कागदाचं बोलू.

प्रस्तावनेसाठी मोठ्या माणसाच्या मागं लागू नका. ते बिचारे भिडेनं लिहितात, आणि प्रूफ मी वाचतो.

बैठकीला यायचं तर काय आणायचं?

स्वतःचं काहीतरी, अर्धवट चालेल. कागदावर असेल तर बरं, फोनवरून वाचताना मध्ये कुणाचा तरी कॉल येतो. चित्र असेल तर मूळ आणा, फोटो नको. गाणार असाल तर तंबोऱ्याचं ॲप चालतं, कुणी नाक मुरडणार नाही. नुसतं ऐकायला आलात तरी चालेल, पण तिसऱ्या खेपेला काहीतरी वाचावं लागेल. भडंग आम्ही ठेवतो, चहा ज्याचं वाचून झालं त्यानं सांगायचा. कविता व्हॉट्सॲपवर पाठवून ‘अभिप्राय कळवा’ म्हणू नका, मी उघडत नाही.